पंधरा पावलं

"कितने दूर से मारना है, सर?" काउंटरमागच्या माणसानं विचारलं.

फहद मान वर करून उभा होता. त्याची नजर कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर होती. तिथे हातभर लांबीची एक दुर्बीण मांडली होती, पुढचं भिंग आमटीच्या वाटीएवढं. तसलीच त्याच्या एका मित्राच्या रायफलवर होती.

"वो दिखाओ," तो म्हणाला.

अलीमियाँ त्याच्या मागे दोन पावलं सोडून उभे होते. दुकानात गारठा होता. बाजूच्या काउंटरवर शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या मांडल्या होत्या, पलीकडे तंबू, कंदील, कॉफीच्या किटल्या. चोवीस वर्षं आखातातल्या या मुलखात, फहदच्या घरच्या चाकरीत काढली, पण असल्या दुकानात शिरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आजही ते गाडीतच थांबणार होते. फहदच म्हणाला, "अली, तू भी चल." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्याला एकट्याला आत जायचं नव्हतं, एवढं त्यांना कळलं होतं.

काउंटरवाल्यानं मोठी दुर्बीण खाली काढली, पण लगेच फहदच्या हातात दिली नाही. आधी फोनवरचा परवाना बघितला. मग रायफलचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"ये तो हलकी रायफल है, सर. पौने तीन किलो. फार्म पे, गाडी में रखने की चीज. इसपे इतना बडा स्कोप बिठाओगे तो बकरी पे ऊंट का बोझा हो जायेगा."

फहद हसला नाही. त्या माणसाच्या शर्टावर नावाची पट्टी होती. अलीमियाँनी इंग्रजी अक्षरं एकेक लावत ती वाचली. गुणवंत.

"मराठी का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हो, कल्याणचा. तुम्ही, चाचा?"

"श्रीवर्धनकडचा."

फहदला मराठी येत नव्हती. पण अलीमियाँ बायकोशी फोनवर बोलायचे ती भाषा त्याच्या कानावरून आठ वर्षांचा असल्यापासून गेलेली होती. "तू बात कर," असं म्हणून तो बाजूला झाला आणि ससाण्यांच्या टोप्या बघू लागला.

"काय मारायचंय त्यांना?" गुणवंतनं हळू आवाजात विचारलं. "भटकी कुत्री का?"

"काळवीट."

गुणवंतनं वर पाहिलं.

"त्यांचेच आहेत, फार्मवरचे. टीबी निघालाय. सगळा कळप काढायचाय."

"किती आहेत?"

"एकेचाळीस. पाच पाडसं धरून."

गुणवंतनं हातातली मोठी दुर्बीण काउंटरवर ठेवली. मग त्यानं धंद्याचाच प्रश्न पुन्हा विचारला. "मग अंतर सांगा, चाचा. सगळं त्याच्यावर आहे. किती लांबून मारणार?"

अलीमियाँ विचारात पडले. अंतर एकच नव्हतं. अनोळखी गाडी दिसली की कळप अर्ध्या किलोमीटरवरून उधळायचा. फहदची गाडी दिसली की तीनशे पावलांवरून. जनावरांच्या डॉक्टरबाई चालत आल्या तर शंभर पावलांवर कान टवकारून उभा राहायचा, आणि त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं की वळायचा.

"मी खुराकाची बादली घेऊन उभा राहिलो," ते म्हणाले, "तर पंधरा पावलांवर येतात. काही त्याहून जवळ."

"आणि तुम्ही उभे राहणार?"

"दुसरं कोण राहणार?"

गुणवंतनं मोठी दुर्बीण उचलून जागेवर ठेवून दिली. खालच्या कप्प्यातून त्यानं एक वीतभर लांबीची, सडपातळ नळी काढली. पुढे-मागे सारखीच जाड, बघायला अगदी साधी.

"त्या मोठ्या स्कोपमधून जवळचं जनावर बघितलं तर नुसते केस दिसतात. मान कुठली, पाठ कुठली, कळत नाही. जरा सरकलं की हरवलं. हा एक ते चार पटीचा. एकवर ठेवला की उघड्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं, फक्त मधोमध फुली. आजूबाजूचंही सगळं दिसत राहतं. पहाटेचा उजेड कमी असला तर फुलीत लाल ठिपका पेटतो. वजन अर्ध्या किलोच्या आत. हलकी रायफल धक्का जास्त देते, तेव्हा डोळा चार बोटं लांब पाहिजे, नाहीतर भुवई फुटते. यात डोळा लांब ठेवला तरी नीट दिसतं."

त्यानं ती अलीमियाँच्या हातात दिली. त्यांनी चष्मा काढून डोळ्याला लावली. फुलीच्या मागे दुकान दिसलं, तंबू दिसले, आणि सावकाश फिरवली तसा फहद दिसला. एक छोटी टोपी त्याच्या तळहातावर होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. अलीमियाँनी दुर्बीण चटकन खाली घेतली.

"आणखी एक," गुणवंत म्हणाला. "रायफलची नळी खाली, स्कोप वर. जवळून मारताना गोळी फुलीच्या जरा खाली लागते. ज्या अंतरावरून मारणार, त्याच अंतरावरून आधी पुठ्ठ्यावर मारून जुळवून घ्या. हलकी रायफल हातात सुखाची वाटते, पण हलतेही तितकीच. टेकून मारायला सांगा. आणि जवळूनच."

"हीच द्या," अलीमियाँ म्हणाले.

डबा बांधताना गुणवंतनं विचारलं, "दुसरा काहीच इलाज नाही का, चाचा?"

"डॉक्टरबाई म्हणतात, नाही."

*

फार्म अल धैदच्या पलीकडे होतं. वाळूतून दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता, मग तारेचं उंच कुंपण, आत घाफची झाडं आणि लसूणघासाचे चार हिरवे पट्टे.

अलीमियाँ इथे आले ते उंटांच्या तबेल्यावर मदतनीस म्हणून. वय चौतीस. त्याच हिवाळ्यात मोठ्या अर्बाबांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, फहदच्या वडिलांनी, लाकडी पेटाऱ्यांतून काळविटांच्या दोन जोड्या आणवल्या. पेटारा उघडला तेव्हा एक नर अंधारातच पाय दुमडून बसून राहिला. अलीमियाँ त्याच्याशेजारी रात्रभर बसले आणि सकाळी त्यानं त्यांच्या हातून पाणी घेतलं. अर्बाब म्हणाले, "खलास, ठरलं. ही तुझी." आपल्या देशातलं जनावर अलीमियाँनी पहिल्यांदा पाहिलं ते असं, परक्या वाळूत. कोकणात कुठले काळवीट?

त्या चारांचे एकेचाळीस झाले. मधले किती मेले, किती पाहुण्यांना भेट गेले, ते वेगळंच. दर दोन वर्षांनी अलीमियाँ महिनाभर गावी जात आणि परत आले की पहिल्या दिवशी कळप त्यांना ओळखायला थोडा वेळ घेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा पावलं. मोठे अर्बाब चार वर्षांमागे वारले, फहद मालक झाला. कळपातला सगळ्यांत थोराड नर काळाकुळकुळीत होता, शिंगांना चार पिळांचे आटे. कामावर नजर ठेवल्यासारखा तो नेहमी बाजूला उभा राही, म्हणून अलीमियाँ त्याला मुकादम म्हणत.

उन्हाळ्यात एक नर खंगून मेला. डॉक्टर सुचित्रा शारजाच्या अल मजाजमध्ये राहत आणि आठवड्यातून दोनदा फार्मवर येत. त्यांनी त्याची छाती उघडली आणि फुफ्फुसांचे तुकडे बाटल्यांत भरले. नमुने गेले, रिपोर्ट आला, मागोमाग सरकारी पशुखात्याचा कागद आला. दहा दिवसांत कळप नष्ट करायचा.

"इंजेक्शन देता येणार नाही का, मॅडम?" अलीमियाँनी विचारलं होतं.

"पाडसांना देईन. ती तुमच्या हातात येतात. मोठ्यांना पकडायला गेलो तर निम्मे कुंपणावर आपटून मान मोडून घेतील आणि उरलेले भीतीनं मरतील. तुम्हाला माहितीये, अलीमियाँ. आपण नाही केलं तर खात्याची माणसं गाड्या घेऊन येतील. गाड्या मागे लावून मारतील."

फहद दारात उभा राहून ऐकत होता. त्याला शब्द कळले नाहीत, पण काय चाललंय ते कळलं. "मेरे बाप का जानवर है," तो म्हणाला. "बाहर का आदमी नहीं आयेगा. मैं करेगा."

मग दोघांच्याही लक्षात आलं की त्याच्या एकट्याच्यानं ते होणार नाही. फहद कळपाच्या तीनशे पावलांत जाऊ शकत नव्हता.

*

गवताच्या गठ्ठ्यांची कमरेएवढी भिंत रचली. अलीमियाँ तिच्या दहा पावलं पुढे, एका बाजूला उभे राहणार होते; त्यांच्यापुढची पंधरा धरून भिंतीपासून पंचवीस पावलांवर पुठ्ठा लावून फहदनं गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन खाली गेल्या, मग जुळलं. कळप दुसऱ्या टोकाला हलवला होता, तरी आवाजानं सगळे बराच वेळ माना वर करून उभे होते. पाचही पाडसं अलीमियाँनी एकेक करून कडेवर आणली. सुचित्राबाईंनी शेडमध्ये त्यांना इंजेक्शनं दिली. पाचव्याच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." पण ते बाहेर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी फहद गठ्ठ्यांमागे जाऊन बसला. अलीमियाँ बादली घेऊन पुढे गेले. बादलीवर तीनदा थाप मारली. कळप घाफच्या झाडांखालून निघाला, नेहमीसारखाच, पुढे माद्या, बाजूला मुकादम.

कुणाला आधी मारायचं ते अलीमियाँनी रात्री ठरवून ठेवलं होतं. ज्यांची पाडसं गेली होती त्या पाच माद्या पहिल्यांदा. त्या पहाटेपासून हाका मारत फिरत होत्या. फहदला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणत, "डावीकडची. मान वर केली की." गोळी सुटे. कळप उधळे, धुळीचा लोट उठे. मग शांत. पडलेल्या जनावराला ओढून शेडच्या आडोशाला न्यायचं, वाळू उकरून रक्त झाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा बादलीवर थाप मारायची.

आणि ते पुन्हा येत.

दर वेळी अलीमियाँना वाटे, आता येणार नाहीत. आता शहाणे झाले असतील. पण थाप ऐकली की आधी दोन माना वर व्हायच्या, मग चार, आणि सगळे चालू लागायचे. पहिल्या सकाळी नऊ झाले. नववा मुकादम. त्याला हाक मारावी लागली नाही. बाजूला उभा होता तो स्वतःहूनच बारा पावलांवर येऊन थांबला.

संध्याकाळी गावाहून बायकोचा, शहरबानूचा फोन आला.

"आवाज का असा बसलाय?"

"धूळ आहे इथं."

"औषध घेतलंत का? आणि हरणं कशी आहेत तुमची?" हे ती दर फोनला विचारी, घरातल्या माणसांची चौकशी करावी तसं.

"आहेत," अलीमियाँ म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आठ झाले. फहद नीट मारत होता. एकाही जनावरानं पडल्यावर पाय झाडला नाही. पण अलीमियाँ त्याला पाणी द्यायला गेले तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि बाटली घेताना त्यानं वर पाहिलं नाही.

तिसऱ्या सकाळी तीन जनावरं झाली. चौथ्या खेपेला कळप आला, अलीमियाँनी सवयीनं गठ्ठ्यांकडे पाहिलं, तर तिथे फहद नव्हता. तो मागे पाण्याच्या टाकीजवळ गेला होता, दीडशे पावलांवर, आणि उभ्यानंच रायफल खांद्याला लावत होता. ओरडावं तर कळप बुजून त्यांच्या अंगावरून पळाला असता. अलीमियाँनी हात थोडासा हलवला. नको म्हणून. आवाज झाला.

मादीच्या पोटात लागली. ती पडली नाही. मागचे पाय दबले, सावरले आणि ती कळपाच्या उलट दिशेला, कुंपणाच्या कोपऱ्याकडे धावली.

अलीमियाँनी बादली खाली ठेवली, शेडमधून सुरी घेतली आणि माग काढत निघाले. सूर्य वर आला होता. पहिल्यांदा ते तिच्या तीस पावलांवर पोचले तेव्हा ती उठून पळाली. दुसऱ्यांदाही पळाली. मग ते थांबले, खाली वाळूत बसले, आणि दर पाच मिनिटांनी थोडे पुढे सरकत राहिले. ती घाफच्या सावलीत बसली होती, मान ताठ, पोटाखालची वाळू काळी झालेली. पंधरा पावलांवर आल्यावर तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि उठली नाही. ते तिच्याजवळ गेले. डोळ्यांवर डावा हात ठेवला. बिस्मिल्ला म्हणाले. ते मांस कुणी खाणार नव्हतं, तरी म्हणाले.

मागे पावलं वाजली. फहद आला होता. त्याच्या हातात रायफल नव्हती.

"कितना टाइम हुआ?" त्यानं विचारलं.

"डेढ घंटा."

फहद वाळूत बसला. त्याच्या अंगातल्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याच्या कडेला रक्त लागलं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"दूर क्यों गया, अर्बाब?" अलीमियाँनी विचारलं. चोवीस वर्षांत त्यांनी मालकाला जाब विचारल्यासारखं हे पहिलंच वाक्य.

"वो दुर्बीन..." फहद थांबला. "एक पे रखता है तो सब दिखता है. तू दिखता है. वो लोग तेरे को देखता है, तू उनको देखता है. तेरा मुँह दिखता है, अली. मैं दो दिन से तेरा मुँह देख के मारता है. चार पे रखा, दूर गया, तो सिर्फ हिरन दिखता है."

अलीमियाँनी सुरी वाळूत पुसली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. दुकानातला तो कल्याणचा माणूस खरंच बोलला होता. आजूबाजूचंही सगळं दिसत राहतं.

"मेरे को देख," ते म्हणाले. "कोई बात नहीं. लेकिन पास से मार."

फहदनं मान हलवली, पण उठला नाही. तेव्हा अलीमियाँनीच त्याला दंडाला धरून उठवलं. तो लहान असताना उंटावरून पडला होता, तेव्हाही असंच उठवलं होतं. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

चौथ्या दिवशी आठ आणि पाचव्या दिवशी सात. फहद गठ्ठ्यांमागून हलला नाही. गोळी सुटली की त्याच्या रडण्याचा आवाज येई, मग तो थांबे, नाक पुसे, आणि "बोल, अली," म्हणे. अलीमियाँ सांगत. शेवटची मादी दोन वर्षांची होती. एकटी आली. अर्ध्या वाटेत थांबून तिनं मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं, आणि ती पुढे आली.

सुचित्राबाईंनी प्रत्येकाच्या फुफ्फुसांचे नमुने काढून घेतल्यावर यंत्रानं खणलेल्या खड्ड्यात सगळ्यांना पुरलं, वर चुना टाकला. अलीमियाँ खड्ड्याच्या काठावर अखेरपर्यंत उभे होते. यंत्राच्या ड्रायव्हरला घाई होती. तो दोनदा "यल्ला, चाचा" म्हणाला, मग गप्प झाला.

*

पुढच्या आठवड्यात सुचित्राबाई आल्या. शेडमध्ये त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. अलीमियाँ चाळणी, दोऱ्या, रिकामी पोती आवरून ठेवत होते.

"सगळ्यांची फुफ्फुसं तपासून झाली," त्या म्हणाल्या.

"किती जणांना होतं, मॅडम?"

खोटं सांगता आलं असतं. सांगायच्या विचारानंच त्या घरून निघाल्याही असतील.

"सात," त्या म्हणाल्या.

अलीमियाँ पोत्याची घडी घालत होते, ती त्यांनी पुरी केली.

"आणि बाकीचे चौतीस?"

"जिवंतपणी कळायला मार्ग नव्हता, अलीमियाँ. खरंच नव्हता. एकात असला की सगळ्यांत धरायचा, तसा नियमच आहे."

"मुकादमाला होतं का?"

"नाही."

"आणि ती, पोटात लागलेली?"

सुचित्राबाईंनी मान खाली घातली. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्या सांगत नव्हत्या, म्हणजे काय ते अलीमियाँना समजलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाईंसाठी चहा ठेवला. साखर किती, ते त्यांना माहीत होतं.

जाताना त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यात राहिलात. तुमचाही एक्स-रे काढायला हवा. मी फहदशी बोललेय. उद्याच जा."

फहद त्यांना स्वतः गाडीतून घेऊन गेला. रस्त्यात म्हणाला की उंटांकडे माणूस कमी आहे, काम भरपूर आहे, गावी जायचा विचार करू नकोस. अलीमियाँ "इन्शाल्ला" म्हणाले.

क्लिनिकमध्ये एक मल्याळी मुलगी होती. तिनं त्यांना शर्ट काढायला सांगितला, गळ्यातला तावीज बाजूला ठेवायला सांगितला. छाती गार पत्र्याला टेकवून, हनुवटी वर करून, खांदे पुढे काढून त्यांना उभं केलं. अंगावर काटा आला.

"हिलना नहीं, चाचा," ती काचेच्या आड जात म्हणाली. "साँस लो. जोर से. अब रोको."

त्यांनी श्वास रोखला. यंत्र घरघरलं आणि थांबलं.

"हो गया. छोडो."

अलीमियाँ तसेच उभे राहिले.

"चाचा, खलास. साँस छोडो अब."

पत्र्यावर छाती दाबून, डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून ते उभेच होते. मुलगी काचेआडून बाहेर आली. तिनं त्यांच्या उघड्या पाठीवर हलकेच हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.